रस्त्याच्या अलीकडे गुन्हा, पलीकडे उपचार: अमेरिकेतली राज्यं गर्भपातावरून एकमेकांशी का झगडताहेत?

अमेरिकेत ब्रिस्टल नावाचं एक छोटं शहर आहे. कागदावर ती दोन शहरं आहेत. बाजारपेठेतल्या मुख्य रस्त्याचं नावच स्टेट स्ट्रीट, आणि त्याच्या मधोमध पितळी खुणा ठोकल्या आहेत. खुणांच्या एका बाजूला टेनेसी राज्य, दुसऱ्या बाजूला व्हर्जिनिया. आपल्याकडे चंद्रपूरच्या जिवती तालुक्यातली चौदा गावं महाराष्ट्राची की तेलंगणाची, यावर वाद आहे. ब्रिस्टलमध्ये हद्दीवरून कुणाचंच भांडण नाही. भांडण आहे ते हद्दीच्या दोन्ही बाजूंना लागू असलेल्या कायद्यांचं.

२०२२ मध्ये टेनेसीत गर्भपातावर बंदी येणार हे दिसू लागलं, तेव्हा टेनेसीच्या बाजूचा दवाखाना बंद होण्याआधीच मैलभर अंतरावर, व्हर्जिनियाच्या बाजूला नवा दवाखाना उभा राहिला. शहर तेच, बाया त्याच. टेनेसीत ज्या कामासाठी डॉक्टर तुरुंगात जाऊ शकतो, ते व्हर्जिनियात दुसऱ्या तिमाहीच्या अखेरपर्यंत कायदेशीर आहे.

मग टेनेसीतल्या बाईनं रस्ता ओलांडून उपचार घेतले, तर टेनेसी काही करू शकतं का? तिला गाडीतून सोडणाऱ्या मैत्रिणीचं काय? आणि बाई घरातच राहिली, डॉक्टर हजार मैलांवर आणि गोळ्या टपालानं आल्या, तर गुन्हा नक्की घडला कुठे? गेली काही वर्षं अमेरिकेतली राज्यं याच प्रश्नांवरून एकमेकांसमोर उभी आहेत.

आधी २०२२ मध्ये काय बदललं ते पाहू

२२ जानेवारी १९७३ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं 'रो विरुद्ध वेड' या खटल्यात गर्भपाताचा निर्णय हा राज्यघटनेनं संरक्षण दिलेला हक्क मानला. राज्यांना नियम करता येत होते, पण गर्भ आईच्या शरीराबाहेर जगू शकेल या टप्प्याच्या आधी सरसकट बंदी घालता येत नव्हती. जवळपास पन्नास वर्षं ही चौकट टिकली.

मिसिसिपीनं पंधरा आठवड्यांनंतरच्या गर्भपातावर बंदी घातली. तो वाद 'डॉब्स' खटल्याच्या रूपानं वरपर्यंत गेला आणि २४ जून २०२२ रोजी न्यायालयानं 'रो' रद्द केला. न्यायालयानं देशभर बंदी घातली नाही, एवढं मात्र लक्षात ठेवायला हवं. घटनेत असा हक्क नाही, त्यामुळे निर्णय लोकांनी आणि त्यांच्या प्रतिनिधींनी घ्यावा, असं न्यायालय म्हणालं. व्यवहारात हा प्रश्न पन्नास राज्यांच्या हाती गेला.

टेक्सास, लुईझियाना, आयडाहो, अलाबामा अशा डझनभर राज्यांनी जवळजवळ पूर्ण बंदी लागू केली. फ्लोरिडा, जॉर्जियासारख्या राज्यांनी सहा आठवड्यांची मर्यादा घातली. तोवर बऱ्याच बायकांना दिवस गेल्याचं कळलेलंही नसतं. न्यूयॉर्क, कॅलिफोर्निया, इलिनॉय यांनी उलट दिशा धरली.

हा प्रश्न राज्यांकडे गेला की कोर्टकज्जे थांबतील, असं तेव्हा अनेकांना वाटलं होतं. मला तो अंदाज पहिल्यापासून कच्चा वाटत होता. माणसं हद्द ओलांडतात, पैसे ओलांडतात, टपाल ओलांडतं. कायदा तेवढा हद्दीपाशी थांबतो.

आपल्याकडे असा पेच का येत नाही

भारतात गर्भपाताचा कायदा संसदेनं केलेला आहे: १९७१ चा एमटीपी कायदा, २०२१ मध्ये सुधारलेला. वीस आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचं मत लागतं, ठरावीक परिस्थितीत चोवीस आठवड्यांपर्यंत दोन डॉक्टरांचं. बेळगावची बाई कोल्हापूरच्या दवाखान्यात आली काय किंवा सावंतवाडीची पणजीला गेली काय, कलमं तीच. सोय, खर्च, डॉक्टरचा स्वभाव यांत फरक पडेल. गुन्ह्याच्या व्याख्येत पडत नाही.

अमेरिकेत फौजदारी कायदा मुख्यतः राज्यांचा. खून, चोरी, डॉक्टरचा परवाना, सगळं राज्यागणिक. म्हणून हा पेच समजायला आपल्याकडचं दारूबंदीचं उदाहरण घेऊ. गर्भपात आणि दारू यांची बरोबरी करण्याचा हेतू नाही. एक आरोग्याचा, कधी जिवाचा प्रश्न आहे, दुसरी चैन. तुलना फक्त हद्दीपुरती.

गुजरातमध्ये दारूबंदी आहे, दमणमध्ये नाही. सुरतचा माणूस दमणला गेला, तिथे प्यायला आणि दुसऱ्या दिवशी शुद्धीवर परत आला. दमणमध्ये प्यायल्याबद्दल गुजरात त्याला धरत नाही. आता दुसरा प्रसंग: त्याला दमणला नेण्यासाठी मित्रानं गाडी काढली, पैसेही दिले. मित्रानं गुजरातचा कायदा मोडला का? आणि तिसरा: दमणच्या दुकानदारानं बाटली थेट सुरतच्या पत्त्यावर कुरिअर केली. दुकानदार दमणमधून हललेलाही नाही. त्याला गुजरात पकडू शकतं का?

जाणं, नेणं आणि पाठवणं. अमेरिकेतले जवळपास सगळे खटले या तीनपैकी एका खणात बसतात, आणि पहिल्याकडून तिसऱ्याकडे जाताना उत्तर अवघड होत जातं.

जाणं: बहुतांशी मिटलेला प्रश्न

एका राज्यातून दुसऱ्या राज्यात जाण्याचा हक्क अमेरिकेत जुना आणि पक्का आहे. 'डॉब्स'च्या निकालात बहुमताच्या बाजूनं असलेले न्यायमूर्ती ब्रेट कॅव्हनॉ यांनी वेगळं टिपण जोडलं. राज्य आपल्या रहिवाशाला गर्भपातासाठी दुसऱ्या राज्यात जाण्यापासून रोखू शकतं का, हा प्रश्न आपल्या मते अवघड नाही, प्रवासाच्या घटनात्मक हक्कामुळे उत्तर नाही असंच आहे, असं त्यांनी त्यात लिहिलं.

गटमाकर इन्स्टिट्यूट या संशोधन संस्थेच्या अंदाजानुसार २०२३ मध्ये सुमारे १ लाख ७० हजार जणींनी गर्भपातासाठी राज्याची हद्द ओलांडली. टेक्सासमधल्या डल्लासहून न्यू मेक्सिकोतल्या आल्बुकर्कीला जायचं तर अंतर हजार किलोमीटरच्या आसपास. मुंबई ते नागपूरपेक्षा जास्त. रजा, गाडी किंवा विमानाचं भाडं, मुक्काम, आणि घरी असलेल्या मुलांना कुणाकडे ठेवायचं हा प्रश्न. गर्भपातासाठी येणाऱ्या बायकांपैकी निम्म्याहून अधिक जणींना आधीच मूल असतं. कागदावर हक्क शाबूत आहे, पण तासावर पगार मिळणारीला तो वापरायला महिन्याची कमाई लागते.

टेक्सासमधल्या काही काउंटी (आपल्याकडच्या जिल्ह्यांसारखे विभाग) आणि शहरांनी आपल्या हद्दीतल्या रस्त्यांवरून गर्भपातासाठी कुणाला नेण्याविरुद्ध ठराव केले. लबक काउंटीनं २०२३ मध्ये केला. अमारिलो शहरात हाच प्रश्न नोव्हेंबर २०२४ मध्ये मतदारांपुढे गेला आणि एरवी अत्यंत पुराणमतवादी असलेल्या त्या शहरानं तो फेटाळला. हे मला महत्त्वाचं वाटतं. गर्भपाताला विरोध असणं वेगळं आणि शेजारणीच्या गाडीवर पाळत ठेवणं वेगळं, हा फरक तिथल्या लोकांनी मतपेटीतून दाखवला.

नेणं: मदत करणाऱ्याला धरता येतं का

आयडाहोनं २०२३ मध्ये एक कायदा केला. पालकांपासून लपवून अल्पवयीन मुलीला गर्भपातासाठी मदत केली, तिला लपवलं किंवा नेलं, तर दोन ते पाच वर्षांची शिक्षा. त्या मुलीची मावशी असो, आजी असो किंवा शिक्षिका. अपील न्यायालयानं डिसेंबर २०२४ मध्ये यातला 'प्रवृत्त करणं' हा भाग अडवला, कारण माहिती देणं, सल्ला देणं हे बोलण्याच्या स्वातंत्र्यात येतं. नेणं आणि लपवणं हे भाग मात्र चालू राहू दिले.

अलाबामात याहून पुढे जाण्याचा प्रयत्न झाला. बायकांना बाहेर जाण्यासाठी पैसे देणाऱ्या संस्थांवर कटाचा गुन्हा लावता येईल, असं तिथल्या अ‍ॅटर्नी जनरलनी, म्हणजे राज्याच्या मुख्य सरकारी वकिलांनी, बोलून दाखवलं. ३१ मार्च २०२५ रोजी केंद्रीय न्यायाधीश मायरन थॉम्पसन यांनी ते घटनाबाह्य ठरवलं. त्यांचा युक्तिवाद आपल्या दमणच्या उदाहरणाच्या अगदी जवळचा आहे: अलाबामात कॅसिनोला बंदी आहे, पण म्हणून लास वेगासला जायचा बेत आखणाऱ्या मित्रांना अलाबामा तुरुंगात टाकू शकत नाही. दुसऱ्या राज्यात कायदेशीर असलेली गोष्ट करायला मदत करणं हा कट होत नाही.

पाठवणं: इथे खरी गाठ आहे

अमेरिकेत आज निम्म्याहून जास्त गर्भपात गोळ्यांनी होतात. दोन औषधं: मिफेप्रिस्टोन आणि मिसोप्रोस्टॉल. केंद्राच्या औषध प्रशासनानं, म्हणजे एफडीएनं, मिफेप्रिस्टोनला २००० मध्ये मान्यता दिली. दहा आठवड्यांपर्यंत ते वापरता येतं. आधी ते डॉक्टरसमोर जाऊनच घ्यावं लागे. कोविडच्या काळात ती अट सैल झाली आणि डिसेंबर २०२१ मध्ये एफडीएनं ती काढून टाकण्याचा निर्णय घेतला. आता डॉक्टर ऑनलाइन प्रश्न विचारते आणि पाकीट टपालानं येतं. २०२४ अखेर देशातल्या गर्भपातांपैकी सुमारे चौथा हिस्सा या मार्गानं होत होता.

याच सुमारास काही राज्यांनी 'शील्ड लॉ' केले. आपण त्यांना ढाल कायदे म्हणू. सुरुवात २०२२ मध्ये कनेक्टिकटनं केली. ढाल कायदा एवढंच सांगतो: आमच्या राज्यात आमच्या नियमांनुसार काम करणाऱ्या डॉक्टरवर बाहेरच्या राज्यानं कारवाई केली, तर आमचे पोलीस, आमची न्यायालयं, आमचे कारकून तिला हातभार लावणार नाहीत. समन्स बजावणार नाहीत, कागद देणार नाहीत, डॉक्टरला ताब्यात देणार नाहीत. मॅसॅच्युसेट्स, न्यूयॉर्क, कॅलिफोर्निया यांसारख्या काही राज्यांनी एक पाऊल पुढे टाकलं: रुग्ण कुठल्याही राज्यात असो, डॉक्टर आमच्याकडे बसलेली असली तर ढाल लागू.

म्हणजे न्यूयॉर्क म्हणतं, उपचार डॉक्टर बसली आहे तिथे झाले. टेक्सास म्हणतं, गोळी गिळली तिथे झाले. दोन्ही एकाच वेळी खरं धरता येत नाही.

डिसेंबर २०२४ मध्ये ठिणगी पडली. टेक्सासचे अ‍ॅटर्नी जनरल केन पॅक्स्टन यांनी न्यूयॉर्कमधल्या एका डॉक्टरवर टेक्सासच्या न्यायालयात दावा लावला: टेक्सासमधल्या बाईला गोळ्या पाठवल्या. डॉक्टर हजर राहिली नाही, आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये न्यायालयानं तिला एक लाख डॉलरहून जास्त दंड केला. जानेवारी २०२५ मध्ये लुईझियानाच्या ग्रँड जूरीनं, म्हणजे खटला भरायचा का हे ठरवणाऱ्या नागरिकांच्या मंडळानं, त्याच डॉक्टरवर थेट फौजदारी आरोप ठेवले. आरोप असा, की एका आईनं अल्पवयीन मुलीसाठी गोळ्या मागवल्या. आईवरही आरोप ठेवण्यात आले. लुईझियानाचे गव्हर्नर जेफ लँड्री यांनी डॉक्टरला ताब्यात मागितलं. न्यूयॉर्कच्या गव्हर्नर कॅथी होकुल यांनी नकार दिला.

टेक्सासला दंड वसूल करायचा होता. त्यासाठी निकालाची नोंद न्यूयॉर्कमधल्या अल्स्टर काउंटीच्या क्लार्ककडे व्हायला हवी होती. मार्च २०२५ मध्ये क्लार्कनं कागद परत पाठवले: ढाल कायद्यामुळे मी ही नोंद करणार नाही. टेक्सासनं पुन्हा पाठवले, त्यानं पुन्हा नाकारले. जुलैमध्ये पॅक्स्टन न्यूयॉर्कच्या न्यायालयात गेले. आपल्या तहसील कचेरीत असतो तसा एक टेबलावरचा माणूस, आणि दोन राज्यांच्या भांडणाचा सगळा भार त्याच्या एका शिक्क्यावर येऊन थांबला.

पण घटना असं चालू देते का

वाचक म्हणेल, एका राज्याच्या न्यायालयाचा निकाल दुसऱ्यानं धाब्यावर बसवायचा? मग देश एक कसा?

शंका रास्त आहे. अमेरिकी घटनेच्या चौथ्या अनुच्छेदात याचसाठी दोन तरतुदी आहेत. पहिलीला मी 'पूर्ण विश्वासाचं कलम' म्हणतो: एका राज्याच्या न्यायालयीन निर्णयांवर दुसऱ्यानं पूर्ण विश्वास ठेवायचा. आपल्या घटनेच्या अनुच्छेद २६१ मध्येही हेच तत्त्व आहे. पुण्याच्या दिवाणी न्यायालयाचा हुकूमनामा इंदूरला अमलात आणता येतो तो त्यामुळे.

पण अमेरिकेत या नियमाला जुना अपवाद आहे. एका राज्याची शिक्षा दुसरं राज्य बजावत नाही. १८९२ च्या एका निकालात सर्वोच्च न्यायालयानं फरक समजावला: नुकसान झालेल्या माणसाला भरपाई मिळवून देणारा निकाल मानावा लागतो; राज्याच्या कायद्याचा भंग केला म्हणून केलेला दंड मानावा लागत नाही. म्हणून एक लाख डॉलर ही भरपाई की शिक्षा, यावर न्यूयॉर्कचा बचाव बराचसा उभा आहे. ते पैसे गोळ्या घेणाऱ्या बाईला मिळणार नव्हते, राज्याच्या तिजोरीत जाणार होते. माझ्या मते या मुद्द्यावर न्यूयॉर्कची बाजू वजनदार आहे.

दुसरी तरतूद आरोपीला परत देण्याची. एका राज्यात गुन्हा करून दुसऱ्यात 'पळून' गेलेल्याला परत द्यावंच लागतं. सगळी मेख 'पळून' या शब्दात. डॉक्टरनं लुईझियानात पाऊलच ठेवलं नसेल तर ती तिथून पळाली कशी? गुन्ह्याच्या वेळी त्या राज्यात नसलेला माणूस फरारी ठरत नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं १९०३ मध्येच म्हटलं आहे. मात्र तीच डॉक्टर उद्या लुईझियानात किंवा लुईझियानाशी सहकार्य करणाऱ्या राज्यात विमानतळावर उतरली, तर ढाल तिथे चालत नाही. ढाल राज्याच्या हद्दीएवढीच रुंद.

१८५९ ची एक गोष्ट

विलिस लेगो हा ओहायोतला स्वतंत्र कृष्णवर्णीय माणूस. १८५९ मध्ये केंटकीतल्या एका गुलाम स्त्रीला पळून जायला मदत केल्याचा आरोप त्याच्यावर आला. केंटकीत तो गंभीर गुन्हा, ओहायोत गुन्हाच नाही. केंटकीनं त्याला मागितलं, ओहायोच्या गव्हर्नरनी नाही म्हटलं. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. १४ मार्च १८६१ रोजी न्यायालयानं सांगितलं, ओहायोनं त्याला द्यायला हवं, पण देण्याची सक्ती करायचा अधिकार आम्हाला नाही. महिनाही झाला नाही तोच यादवी युद्धाची पहिली तोफ उडाली.

ही सक्ती न करण्याची मुभा १९८७ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंच काढून घेतली. आज खरोखर फरारी असलेल्याला देण्यासाठी केंद्रीय न्यायालय गव्हर्नरला भाग पाडू शकतं. म्हणूनच 'फरारी' या शब्दाची व्याख्या इतकी निर्णायक झाली आहे. गर्भपात आणि गुलामगिरी एकच, असं मी म्हणत नाही. पण माणूस कुणाला म्हणायचं आणि शरीरावर कुणाची सत्ता, यावर दोन राज्यांचं मूळचंच पटत नसेल, तर एकमेकांच्या कागदांवर विश्वास ठेवायची सवय आधी मोडते. तेव्हा ती अशीच मोडली होती.

टेक्सासच्या बाजूनं विचार केला तर

टेक्सासच्या म्हणण्यात काहीच तथ्य नाही असं समजणं चूक ठरेल. नदीच्या या काठावरून कुणी बंदूक झाडली आणि त्या काठावर माणूस मेला, तर त्या काठाचं राज्य खटला भरू शकतं. राज्याबाहेर राहून, राज्यात परिणाम घडवण्यासाठी केलेलं कृत्य त्या राज्याला शिक्षायोग्य ठरवता येतं, हे अमेरिकी न्यायालयानं १९११ पासून मान्य केलेलं तत्त्व आहे. गर्भ हा पूर्ण माणूस आहे अशी ज्यांची श्रद्धा आहे, त्यांच्या लेखी टपालातली गोळी त्या बंदुकीहून वेगळी नाही. आमच्या मतदारांनी निवडलेला कायदा बाहेरचे लोक पोस्टाच्या तिकिटात निकामी करताहेत, ही त्यांची तक्रार लोकशाहीच्या भाषेतलीच आहे.

माझं मत त्यांच्या विरुद्ध आहे. बंदुकीच्या उदाहरणात गोळी ज्याला लागते त्यानं ती मागवलेली नसते. इथे एक प्रौढ बाई स्वतःच्या शरीराबद्दल निर्णय घेऊन औषध मागते. पण हे माझं नैतिक मत झालं. फक्त कायद्याच्या चौकटीत पाहिलं तर तिसऱ्या खणात टेक्सासची बाजू पहिल्या दोन खणांपेक्षा भक्कम आहे, हे मान्य करावंच लागतं.

आणि टेक्सास थांबलेलं नाही. ४ डिसेंबर २०२५ पासून तिथे नवा कायदा लागू झाला. गोळ्या टेक्सासमध्ये पाठवणाऱ्यांवर, बनवणाऱ्यांवर खासगी नागरिक दावा लावू शकतात, किमान एक लाख डॉलरचा. सरकारनं केलेला दंड दुसरं राज्य नाकारू शकतं. मग दावा सरकारऐवजी नागरिकाच्या नावे आला तर? वर सांगितलेल्या १८९२ च्या फरकाला वळसा घालण्याची ही वाट आहे. उत्तरादाखल ढालवाल्या राज्यांत उलट दाव्याची सोय आहे: बाहेर तुमच्यावर खटला भरून पैसे घेतले, तर इथे तुम्ही ते परत मागा. न्यूयॉर्कनं तर औषधाच्या बाटलीवर डॉक्टरच्या नावाऐवजी तिच्या दवाखान्याचं नाव टाकायची मुभा दिली.

केंद्र एकच कायदा का करत नाही

करू शकतं, दोन्ही दिशांनी. गर्भपाताच्या हक्काला देशव्यापी संरक्षण देणारं विधेयक २०२१ मध्ये कनिष्ठ सभागृहात मंजूर झालं, २०२२ मध्ये सिनेटमध्ये दोनदा अडलं. सिनेटमध्ये व्यवहारात शंभरपैकी साठ मतं लागतात, आणि ती कुठल्याच बाजूकडे नाहीत. दुसरा दरवाजा एफडीएचा: मिफेप्रिस्टोन पुन्हा समोरासमोरच द्यायचं ठरवलं तर तिसरा खण जवळपास बंद होईल. २०२४ मध्ये असा प्रयत्न सर्वोच्च न्यायालयानं एकमतानं फेटाळला, पण दावा करणाऱ्या डॉक्टरांना दाव्याचा अधिकारच नाही, एवढ्याच कारणावरून. औषधाच्या नियमांबद्दल न्यायालय काही बोललं नाही. शिवाय गर्भपाताची साधनं टपालानं पाठवायला मनाई करणारा १८७३ चा कॉमस्टॉक कायदा अजून पुस्तकात आहे. त्याचा अर्थ कसा लावायचा हे त्या त्या वेळच्या सरकारवर अवलंबून.

डल्लास-ह्यूस्टनमधल्या मराठी घरांसाठी

टेक्सासमध्ये मराठी कुटुंबं हजारोंनी आहेत, त्यात व्हिसावर असलेल्या तरुण जोडप्यांची संख्या मोठी. पुण्याहून गेलेल्या मुलीला वाटतं की एमटीपीसारखं काहीतरी असेलच. नाही. तिथल्या बंदीला बलात्काराचा अपवाद नाही, गर्भातल्या गंभीर दोषाचाही नाही. आईच्या जिवाला किंवा शरीराच्या एखाद्या महत्त्वाच्या कार्याला गंभीर धोका असेल तरच सूट.

टेक्सासच्या गर्भपात कायद्यांतल्या शिक्षा डॉक्टर आणि मदतनीस यांच्यासाठी आहेत. गर्भवती स्त्रीला त्यांतून वगळलेलं आहे. गर्भनलिकेतली गर्भधारणा काढणं किंवा आपोआप दगावलेला गर्भ काढणं याला तिथला कायदा गर्भपात म्हणत नाही. तरीही घाबरलेल्या डॉक्टरांनी उपचार लांबवल्याची उदाहरणं समोर आली. म्हणूनच २०२५ मध्ये विधिमंडळाला अपवादाची भाषा स्पष्ट करणारा वेगळा कायदा करावा लागला. रक्तस्राव, ताप, तीव्र पोटदुखी असेल तर 'थांबून बघू' हे उत्तर ऐकून घरी परतू नका, दुसऱ्या रुग्णालयात जा.

बेळगावच्या सविता हलप्पनवार यांचं २०१२ मध्ये आयर्लंडमधल्या गॉलवेत काय झालं, ते आपल्यापैकी अनेकांना आठवत असेल. सतरा आठवड्यांचा गर्भ वाचणार नाही हे डॉक्टरांना माहीत होतं. पण हृदयाचे ठोके चालू होते म्हणून गर्भपात नाकारला गेला आणि जंतुसंसर्गानं त्या गेल्या. आयर्लंडच्या घटनेनं १९९२ पासून बायकांना त्यासाठी परदेशी जायची मोकळीक दिली होती, आणि हजारो जणी इंग्लंडला जातही होत्या. सविता रुग्णालयाच्या खाटेवर होत्या, त्यांना कुठे जाता येणार होतं?